डाळिंब हाती घेतलेली माता : इटलीतील पेस्तुम गावची देवळे



जीर्णोद्धाराच्या मांडवात परदेशातल्या देवळांची कथा कशाला, असे कोणाच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु देऊळ ते दगडांचे की माणसांचे, हा प्रश्न एका गावाने प्रत्यक्ष भोगला आहे. त्या गावात दगड खाली राहिले आणि माणसे डोंगरावर गेली. पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे.

हे गाव इटली देशाच्या दक्षिण भागात, भूमध्य समुद्राच्या काठी, नेपल्स शहराच्या खाली आहे. नाव कापाच्चो पेस्तुम. वस्ती वीस-बावीस हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडचे एखादे बऱ्यापैकी बाजारपेठेचे गाव म्हणावे. पूर्वी नुसते कापाच्चो म्हणत, २०१६ साली सरकारदप्तरी पेस्तुमचे नाव जोडले गेले.

इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास ग्रीक लोकांनी येथे नगर वसवले. समुद्राचा देव पोसिडॉन, त्याच्या नावावरून नगराला पोसिडोनिया म्हणू लागले. नगराभोवती दगडी तट बांधला. त्याचा घेर सुमारे पावणेपाच किलोमीटर भरतो आणि तो बराचसा आजही उभा आहे. तटाच्या आत तीन मोठी देवळे. सर्वांत जुने इ. स. पूर्व ५५० च्या सुमाराचे. दुसरे अथेना देवीचे, इ. स. पूर्व ५०० च्या आसपासचे. तिसरे सर्वांत भव्य, इ. स. पूर्व ४६० ते ४५० च्या सुमाराचे.

ही देवळे आपल्या देवळांसारखी नाहीत. मध्ये मूर्तीची बंद खोली, तिच्या चारी बाजूंनी दगडी खांबांची रांग आणि वर लाकडी छप्पर, कौलांचे. सभामंडप नाही. वेदी देवळाबाहेर, पूर्वेच्या अंगाला उघड्यावर. लोक जमत ते या वेदीपाशी. तेथेच बळी दिला जाई. देवी आतून उघड्या दारातून पाही, अशी कल्पना. खांब जवळच्याच चुनखडीच्या दगडाचे, बुंध्याशी जाड आणि मध्ये किंचित फुगीर. त्यांच्यावर पूर्वी चुन्याचा गुळगुळीत गिलावा होता आणि वरच्या भागाला रंग होते. आज सोनेरी दगड दिसतो, त्यावर पाहुणे भाळतात. पण ते मुळातले रूप नव्हे. छपरे तर केव्हाच गेली.

नावांची गंमत पाहा. अठराव्या शतकात विद्वान मंडळी येथे आली. पहिल्या देवळाच्या दर्शनी बाजूस नऊ खांब, म्हणजे विषम संख्या, आणि आतही मधोमध खांबांची रांग. असे देऊळ कोणी पाहिलेले नव्हते. तेव्हा हे देऊळ नसून चावडी असावी, असे ठरवून त्यांनी त्याला ‘बासिलिका’ नाव दिले. मोठे देऊळ समुद्रदेवाचे आणि अथेनेचे देऊळ धान्यदेवतेचे ठरवून टाकले. पुढे उत्खननात मिळालेल्या वस्तूंवरून पहिले देऊळ हेरा देवीचे ठरले. मोठे देऊळही तिचेच असावे, असे पुष्कळांचे मत आहे. तरीही फलकांवर आणि पुस्तकांत जुनी नावे चालूच आहेत. एकदा दप्तरात चुकीचे नाव चढले की ते निघता निघत नाही, हा अनुभव तिकडेही आहे.

हेरा ही ग्रीकांची मोठी देवी. विवाह, बाळंतपण, लेकरे यांची राखणदार. तिचे जुने पीठ ग्रीस देशात आर्गोस येथे होते. तेथे पॉलिक्लायटस या शिल्पकाराने घडवलेल्या सोन्याच्या व हस्तिदंती मूर्तीच्या एका हातात डाळिंब होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पौसानिअस नावाच्या प्रवाशाने ते पाहून लिहून ठेवले, पण डाळिंबामागची कथा गुप्त आहे म्हणून सांगत नाही, असे म्हणून तो गप्प बसला. दाणेच दाणे भरलेले फळ मातेच्या हाती का, हे ओटी भरणाऱ्या आपल्या माताभगिनींना वेगळे सांगायला नको.

नगर पुढे इ. स. पूर्व ४०० च्या सुमारास लुकानी लोकांनी घेतले. इ. स. पूर्व २७३ मध्ये रोमन आले, त्यांनी पेस्तुम हे नाव रूढ केले. वर्षातून दोनदा बहरणाऱ्या येथल्या गुलाबांची कीर्ती रोमन कवींच्या काव्यात आहे. पण त्याच काळात स्ट्रॅबो या भूगोलकाराने एक वाईट गोष्ट नोंदवली : जवळची नदी दलदलीत पसरते आणि त्यामुळे हवा रोगट झाली आहे. नदीचे पाणी चुनखडीचे. गाळ साचत गेला, पाण्याला वाट राहिली नाही, डबकी झाली. डबक्यांतून हिवताप आला.

लोक एकाएकी गेले नाहीत. मधल्या काळात ख्रिस्ती धर्म आला. अथेनेच्या देवळाचे त्यांनी चर्च केले आणि त्याच्या आसऱ्याने प्रेते पुरली. ती थडगी उत्खननात सापडली आहेत. पण हिवतापापुढे इलाज नव्हता. नवव्या शतकात समुद्रावरून अरब चाचांच्या धाडी येऊ लागल्या. उरलेसुरले लोक मागच्या काल्पाझिओ डोंगराच्या अंगावर, झऱ्याच्या मुखाशी, जाऊन राहिले. कापाच्चो हे नाव ‘पाण्याचे मुख’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आले, असे मानतात. बिशपही वर गेला. मात्र डोंगरावर राहूनही त्याच्या पदनामात पेस्तुमचे नाव पुढे बराच काळ चालू होते. कचेरी हलली तरी शिक्का जुनाच, तसा प्रकार.

खाली शेकडो वर्षे कोणी फिरकले नाही. म्हणूनच देवळे वाचली. जवळ वस्ती असती तर लोकांनी घरे, गोठे आणि पूल बांधायला एकेक चिरा नेला असता. सालेर्नो शहराच्या प्रधान चर्चला इथले खांब नेले, असे सांगतातच. तापाच्या भीतीने जे राखले ते कोणा राजाने राखले नसते. अठराव्या शतकाच्या मध्यास ही देवळे पुन्हा जगाच्या नजरेस आली. जर्मन कवी गोएथे १७८७ साली येथे आला. वाटेत त्याला म्हशी दिसल्या आणि त्या पाणघोड्यांसारख्या वाटल्या. आपल्याकडच्या शेतकऱ्याला तसे काही वाटले नसते. त्या म्हशी आजही तेथे आहेत. त्यांच्या दुधाचे ‘मोत्झारेल्ला’ नावाचे ताजे चीज त्या भागाचे मोठे उत्पन्न आहे.

आता डोंगरावर जाऊ. डोंगरावरच्या गावालाही शांतता लाभली नाही. १२४६ साली सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्याविरुद्ध कट करणारे सरदार तेथे लपले, तेव्हा त्याने वेढा घालून गाव उद्ध्वस्त केले. लोक बाजूच्या जागी, आजच्या कापाच्चोत गेले. पण उजाड गावातले मातेचे चर्च त्यांनी सोडले नाही. त्याचे नाव ‘मादोन्ना देल ग्रानातो’, म्हणजे डाळिंबवाली माता. मूर्ती येशूच्या आईची, मेरीची. एका हातावर बाळ, दुसऱ्या हातात डाळिंब. १५ ऑगस्ट हा मेरीचा मोठा सण. त्या दिवशी मिरवणूक निघते. मेणबत्त्या आणि फुले लावून केलेल्या होडीच्या आकाराच्या मखरांना तिकडे ‘चेंते’ म्हणतात. बाया ती डोक्यावर घेऊन चालतात. होड्या डोंगरावर! खाली समुद्र दिसतो, देवळे दिसतात. पण समुद्र सोडून कैक पिढ्या झालेली माणसे होडीच वाहतात.

या साऱ्याचा धागा १९३४ साली हाती आला. उम्बेर्तो झानोत्ती बियांको आणि पाओला झानकानी मोन्तुओरो या दोघांनी सेले नदीच्या मुखाजवळ, पेस्तुमच्या उत्तरेला सुमारे नऊ किलोमीटरवर, हेराचे हरवलेले मोठे पीठ शोधून काढले. प्राचीन ग्रंथांत त्याचा उल्लेख होता, जागा कोणालाच सापडत नव्हती. झानोत्ती बियांको मुसोलिनीच्या राजवटीचे विरोधक, पोलिसांची त्यांच्यावर पाळत. समाजसेवेचे काम बंद पडले म्हणून हा गृहस्थ उत्खननाकडे वळला. जागा दलदलीची आणि हिवतापाची. तेथे तीसहून अधिक कोरीव शिलापट मिळाले, विणकामाच्या मागाची मातीची वजने मिळाली. आणि मातीच्या छोट्या मूर्ती, ढिगांनी, नवसाने वाहिलेल्या. देवी आसनावर बसलेली, हातात डाळिंब. काही मूर्तींच्या मांडीवर बाळ.

मग वरच्या चर्चमधली माता म्हणजे खालचीच हेरा का? बऱ्याच अभ्यासकांनी तसे म्हटले आहे, आणि मूर्ती समोर ठेवल्या तर नाही म्हणणे अवघड जाते. पण सावध राहिले पाहिजे. मेरीच्या हाती डाळिंब इतर ठिकाणच्या ख्रिस्ती चित्रांतही असते. शिवाय हेराची पूजा बंद पडली तो काळ आणि डोंगरावरचे चर्च यांच्यामध्ये चार-पाचशे वर्षांचे अंतर आहे. मूळ मालकाचे नाव आहे, आजच्या वहिवाटदाराचे नाव आहे, मधले फेरफार गहाळ. अशा प्रकरणात कोर्ट काय निकाल देईल कोण जाणे. परंतु वहिवाट हीही एक गोष्ट असते. लेकरासाठी मातेपुढे हात पसरणारी बाई ग्रीक की ख्रिस्ती, एवढ्याने तिचे मागणे बदलत नाही.

हिवतापाचा निकालही याच मैदानावर लागला. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. माणसाचा हिवताप अ‍ॅनोफिलिस डासानेच पसरतो, हे इटलीत जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी यांनी दाखवले. १९०० साली त्यांनी कापाच्चोच्या मैदानात प्रयोग केला. ११२ माणसांना दिवे लागल्यापासून पहाटेपर्यंत जाळ्यांच्या आत ठेवले. त्यांतल्या फक्त पाच जणांना ताप आला. संरक्षण न दिलेल्या ४१५ जणांपैकी एकही सुटला नाही, अशी नोंद आहे. नंतर दलदली उपसल्या, कालवे खणले, दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी. फवारले. १९७० साली जागतिक आरोग्य संघटनेने इटली हिवतापमुक्त झाल्याचे जाहीर केले. महायुद्धात, सप्टेंबर १९४३ मध्ये, याच किनाऱ्यावर अमेरिकन फौजा उतरल्या आणि देवळांच्या खांबांमध्ये त्यांनी कचेऱ्या मांडल्या. देवळे त्यातूनही वाचली.

ताप गेला आणि नवीन संकट आले. जमीन राहण्याजोगी झाली, समुद्र जवळ. घरे, हॉटेले उठू लागली. ज्या देवळांना डासांनी राखले होते, त्यांना आता कायद्याने राखणे भाग पडले. झानोत्ती बियांको तोवर राष्ट्राच्या वरिष्ठ सभागृहाचे तहहयात सभासद झाले होते. त्यांच्या खटपटीने १९५७ साली कायदा क्रमांक २२० झाला : तटाच्या आत बांधकाम नाही आणि तटाबाहेर एक हजार मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही.

देवळांच्या दृष्टीने कायदा उत्तम. पण ज्याची पाच-दहा एकर जमीन त्या हद्दीत गेली त्याच्या दृष्टीने? तटाच्या आतले क्षेत्र सुमारे १२० हेक्टर, म्हणजे तीनशे एकर. त्यातले पंचवीसेक हेक्टरच उकरले गेले आहे. बाकीची बरीच जमीन खाजगी मालकीची. मुलाचे लग्न झाले, वेगळी खोली काढायची, तर परवानगी नाही. अर्थात परवानगी नाही म्हणून लोक थांबले असे झाले नाही. विनापरवाना बांधकामे झाली, त्यांवर नोटिसा निघाल्या. काही पाडलीही गेली. देवळांचे रक्षण करणाऱ्यांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण अनेक पिढ्या तापात मेलेल्या लोकांच्या नातवाला जमीन प्रथमच निरोगी मिळाली, आणि तेवढ्यात तिच्यावर रेघ ओढली गेली, हेही पाहिले पाहिजे. नुकसानभरपाईचा विचार मनापासून झाल्याशिवाय असे तंटे मिटत नाहीत.

१९६८ साली तटापासून थोड्या अंतरावर एक थडगे सापडले. आतल्या झाकणाच्या शिळेवर उंचावरून पाण्यात सूर मारणारा तरुण रंगवलेला. इ. स. पूर्व ४८० ते ४७० च्या सुमाराचे ते चित्र आता गावातल्या संग्रहालयात आहे. १९९८ साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. आणि काम संपलेले नाही. २०१९ साली पश्चिमेच्या तटाजवळ एका लहान देवळाचा मागमूस लागला. खोदकाम करून २०२३ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे देऊळ, मोठ्या देवळांच्या मानाने अगदी चिमुकले. पायऱ्यांपाशी आणि वेदीजवळ भाविकांनी वाहिलेल्या वस्तू तशाच पडून होत्या : भाजक्या मातीची बैलांची मुखे, आणि डॉल्फिन माशावर बसलेला एक बालदेव.