तांबड्या दिव्याचा हिशेब



गांधीबागेंत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांना कापड कसें घ्यावें हें शिकवावें लागत नाहीं. दुकानांतील दिव्याखालीं रंग पसंत करूं नये. ठाण दारापाशीं उन्हांत न्यावें, पोत बोटांनीं चाचपावा आणि मगच पैसे काढावे, हें आमच्या वस्तींतील लहान मुलेंहि जाणतात. आज मला बोलावयाचें आहे तें मात्र कापडाविषयीं नव्हे, तर एका दिव्याविषयींच. मेजावर ठेवावयाचा, तांबडा प्रकाश देणारा हा दिवा अलीकडे अनेक घरांतून दिसूं लागला आहे. त्याच्यासमोर रोज दहा मिनिटें बसल्यानें गुडघेदुखी थांबते, सुरकुत्या जातात, केस उगवतात आणि जखमा भरतात, असें खोक्यावर छापलेलें असतें. गेल्या दिवाळींत माझ्या मुलीनें असा एक दिवा साडेचार हजार रुपयांस घेऊन आपल्या आईच्या गुडघ्यांसाठीं पाठविला. तो पैसा सार्थकीं लागला कीं नाहीं, याचा हिशेब मी आपणांपुढें मांडणार आहें. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर, वैद्य नव्हे. तेव्हां हा हिशेब शाळेच्या फळ्यावरचाच समजावा.

प्रथम प्रश्न असा कीं, या कल्पनेस कांहीं आधार आहे काय? आहे. डेन्मार्कमधील डॉक्टर नील्स फिन्सेन यांनीं त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशाचा उपचार केला आणि त्याबद्दल १९०३ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु याच फिन्सेन यांचें दुसरें एक मत होतें. देवीच्या रोग्यास तांबडे पडदे लावलेल्या खोलींत ठेवल्यास व्रण कमी पडतात, असें त्यांनीं १८९३ च्या सुमारास प्रतिपादन केलें. तें मत पुढें टिकलें नाहीं. देवीचा रोग जगांतून गेला तो लस टोंचल्यामुळें, आणि १९८० सालीं तसें जाहीर झालें. एकाच थोर मनुष्याची एक कल्पना खरी ठरली व दुसरी खोटी ठरली; निवाडा नांवानें झाला नाहीं, परीक्षेनें झाला.

आजच्या दिव्यांचा वंश निराळा आहे. १९६७ च्या सुमारास हंगेरींतील डॉक्टर एंद्रे मेस्टर यांनीं उंदरांच्या पाठीवरील केस काढून त्या जागीं दुबळ्या तांबड्या लेसरचे किरण सोडले, तों तेथें केस लवकर उगवले. पेशींतील मायटोकॉन्ड्रिया नामक भागांत पेशीची शक्ति तयार होते, आणि तेथील एक द्रव्य हा प्रकाश शोषून घेतें, असें बहुतेक संशोधक मानतात. कर्करोगाच्या उपचारांत तोंड सोलवटतें, तें टाळण्यासाठीं कांहीं रोग्यांना मोजून दिलेला असा प्रकाश द्यावा, ही शिफारस आतां आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मंडळींनीं केलेली आहे. विरळ होणाऱ्या केसांसाठीं लेसरची एक फणी विकण्यास अमेरिकेंत २००७ सालीं मोकळीक मिळाली. सुरकुत्यांवर थोडा गुण दिसल्याचे लहान प्रयोग आहेत. गुडघ्यांविषयीं मात्र कांहीं प्रयोगांत गुण दिसला, कांहींत दिसला नाहीं. मधुमेह या दिव्यानें बरा होतो, याला आधार नाहीं. आणि तशी जाहिरात करणें तर १९५४ च्या कायद्यानें गुन्हा आहे.

आतां दिवा पारखावा कसा? पहिली गोष्ट, प्रकाशाची जात. ६३० ते ६६० नॅनोमीटर लांबीच्या लहरी तांबड्या दिसतात. ८१० ते ८५० च्या लहरी डोळ्यांस जवळजवळ दिसत नाहींत, म्हणून तेवढे मणी विझल्यासारखे दिसले तरी दिवा बिघडला असें समजूं नये. हे आंकडे खोक्यावर नसतील तर वस्तु परत करावी. साध्या दिव्यावर तांबडी कांच बसविल्यानें हें काम होत नाहीं.

दुसरी गोष्ट, मात्रा. विक्रेते वॅटचा मोठा आंकडा दाखवितात. परंतु दिवा वीज किती खातो याच्याशीं आपणांस कर्तव्य नाहीं, अंगावर प्रकाश किती पडतो याच्याशीं आहे. समजा, वीतभर अंतरावर एका चौरस सेंटिमीटरवर ३० मिलिवॅट प्रकाश पडतो. दहा मिनिटें म्हणजे ६०० सेकंद. तिसास सहाशेंनीं गुणून हजारानें भागिलें कीं १८ ज्यूल आले. हीच मात्रा. दिवा दूर सरकविला तर ती घटते. शिवाय जास्त तें चांगलें, असाहि नियम येथें नाहीं. मात्रा फार झाल्यास गुण उलट कमी होतो, असें प्रयोगांत आढळलें आहे. म्हणून अंतर आणि प्रकाश हे दोन्ही आंकडे जो विक्रेता देत नाहीं, तो गज न दाखवितां कापड मोजणाऱ्यासारखाच होय.

तिसरी गोष्ट, सावधगिरी. दिव्याकडे टक लावून पाहूं नये. डोळ्यांच्या पडद्याचा विकार असणाऱ्यांनीं, तसेंच कांहीं औषधांमुळें ज्यांच्या त्वचेस उजेड सोसत नाहीं अशांनीं, आधीं डॉक्टरांस विचारावें. आपल्या देशांत १ एप्रिल २०२० पासून उपचाराचीं सर्व उपकरणें औषधांच्या कायद्याखालीं आलीं आहेत. तेव्हां जो दिवा उपचाराचा दावा करतो, त्यावर परवान्याचा क्रमांक आहे काय, हेंहि पाहावें.

आतां घरचा प्रयोग. माझ्या पत्नीचे दोन्ही गुडघे सारखेच दुखत. मीं ठरविलें कीं, डाव्या गुडघ्यास दिवा द्यावा, उजव्यास देऊं नये, आणि रोज रात्रीं दोहोंना दुखण्याचे दहापैकीं गुण द्यावे. डॉक्टरांनीं सांगितलेला मांडीचा व्यायाम मात्र दोन्ही पायांनीं चालूं ठेवावा. आठ आठवड्यांनीं वही पाहिली. आरंभीं दोघांस सात गुण होते. शेवटीं दोघांस चार. व्यायामानें दोन्ही सुधारले. दिव्यानें डाव्यास कांहीं अधिक दिलें, असें वहीवरून दिसेना. मीं विजयानें वही पुढें केली, तों ती म्हणाली, “अहो, दिवा नसता तर रोज दहा मिनिटें मला कोणी एका जागीं बसूं दिलें असतें काय?” याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. एका घरच्या प्रयोगानें शास्त्र ठरत नाहीं हें मी जाणतों. पण आमच्या घरापुरता हिशेब एवढाच निघाला.

येथेंच मी थांबलों असतों तर बरें झालें असतें. परंतु दिवा रिकामा पडला म्हणून तो मीं महालांत राहणाऱ्या माझ्या वडील बंधूंना नेऊन दिला. दादांना वीस वर्षांचा मधुमेह. पायाच्या अंगठ्यास लहानशी जखम झाली होती. मधुमेहानें पाय बधिर झाल्यामुळें ती दुखत नव्हती. खोक्यावर ‘जखमा भरतात’ असें त्यांनीं वाचलें आणि ते रोज सकाळ-संध्याकाळ दिव्यासमोर बसूं लागले. मला म्हणाले, “अरे, आतां दवाखान्याची खेप वांचली.” मीं मान डोलाविली. सोळाव्या दिवशीं सुनेनें अंगठ्याचा काळा पडलेला रंग पाहून त्यांना इस्पितळांत नेलें. पाय वांचला, अंगठा काढावा लागला. पहिल्या आठवड्यांत आला असतां तर बहुधा मलमपट्टीवर भागलें असतें, असें डॉक्टर म्हणाले. दिव्याच्या प्रकाशानें दादांना अपाय झाला नाहीं. सोळा दिवस गेले, त्यानें झाला. आणि तो दिवा त्यांच्या घरीं मीं नेला होता. दादांनीं मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. म्हणूनच हें आपणांस सांगणें मला प्राप्त आहे.

तेव्हां माझा निकाल ऐका. डॉक्टरांनीं दुखण्याचें कारण सांगितलें आहे, त्यांचा उपचार चालूं आहे, घरांत पैसे शिल्लक आहेत आणि दिव्याचे आंकडे स्पष्ट छापलेले आहेत, अशा ठिकाणीं कोणी हा दिवा घेतला तर मी त्यास हंसणार नाहीं. दोन महिने वही ठेवावी आणि वही सांगेल तें ऐकावें. पण न भरणारी जखम, नवी गांठ, अकस्मात् सुजलेला सांधा किंवा मधुमेही मनुष्याच्या पायावरचा साधा ओरखडा, यांपैकीं कांहीं असेल तर दिव्याची कळ दाबूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

आमचा दिवा आतां कपाटावर आहे. पत्नीचा व्यायाम चालूं आहे, आणि रोज संध्याकाळीं मी दादांच्या दोन्ही पायांचे तळवे पाहून येतों.