योजिलेले कार्य तडीस कसे न्यावे?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पाली येथे केलेले भाषण)



आपल्या मंडळाने भोर येथे मुलींचे वसतिगृह बांधण्याचा संकल्प सोडला आहे, आणि अंगावर घेतलेले कार्य नीट कसे पार पाडावे याविषयी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची मला आज्ञा झाली आहे. मी स्थापत्यविशारद नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभा जन्म खडूफळ्याशी काढलेला मास्तर आहे. तथापि या विषयाला पालीसारखे दुसरे स्थळ नाही. येथून मान वर केली की राजगड दिसतो, आणि गडाच्या एका दरवाजाला नावच मुळी या गावाचे आहे.

मुरुंबदेवाच्या डोंगराचा राजगड कसा झाला याच्या शौर्यकथा आपण मुलांना सांगतो. त्यामागची व्यवस्था मात्र सांगावयाची राहून जाते. पद्मावती माचीवरील तलाव आणि संजीवनी माचीवरील पाण्याची टाकी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असतील. अमात्य रामचंद्रपंतांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात सांगितले आहे की, गड बांधण्यापूर्वी आधी पाणी पाहावे. पाणी नसून स्थळ आवश्यकच असेल तर प्रथम खडक फोडून टाकी-तळी करावीत. एका झऱ्यावर विसंबूही नये. कारण युद्धात तोफांच्या आवाजाने झरे स्वल्प होतात, म्हणून जास्तीचा साठा राखावा. तट आणि बुरूज त्यानंतर. कामांचा हा जो क्रम, तोच माझ्या आजच्या भाषणाचा विषय होय.

हा क्रम मोडला म्हणजे काय होते, हे पाहण्यास आपणांस दूर जावयास नको. याच वेल्ह्याच्या मुलुखात, डोंगरापलीकडे आंबी नदीवर, पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. काम १९६२ च्या जूनपर्यंत पुरे व्हावयाचे होते. परंतु एक पावसाळा आधीच, १९६१ साली, पाणी अडवावयाचे ठरले. भरावाची उंची भराभर वाढविण्यात आली. पाणी बाहेर सोडण्याच्या मोरीचे व तिच्या दारांचे काम मात्र अपुरे राहिले. पोलादाची टंचाई होती, म्हणून मोरीच्या कामात सळईविना काँक्रीटचे ठोकळे वापरले गेले. जुलैत पावसाने जोर धरला, पाणी चढू लागले आणि मोरीवरचा भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे १८७९ साली पुरे झालेले धरणही त्याच दिवशी फोडले, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुढे चौकशी आयोग बसले. पानशेतचे धरण नव्याने बांधून पुरे व्हावयास १९७२ साल उजाडले. एक वर्ष वाचवावयास गेलो आणि दहा वर्षे गेली. गेलेल्या माणसांचा हिशेब तर कोणी करावा!

पाहा, तेथे कष्टांची वाण नव्हती, विद्येचीही नव्हती. दिसणारे काम पुढे गेले आणि न दिसणारे मागे राहिले. भराव लांबून दिसतो, पाहुण्यांस दाखविता येतो. मोरी भरावाच्या पोटात असते. सार्वजनिक कार्यांत हा रोग फार जुना आहे.

अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात मोठ्या कारखान्यांसाठी व आरमारासाठी कामाच्या आखणीची एक पद्धत निघाली. कोणते काम कोणत्या कामावाचून सुरू होऊ शकत नाही, हे कागदावर रेषांनी जोडावयाचे. त्यांतील सर्वांत लांब साखळी जितक्या दिवसांची, त्याहून लवकर कार्य पुरे होत नाही, मग इतर ठिकाणी कितीही माणसे लावा. आपल्या सुगरणींना हे शिकवावे लागत नाही. पुरण शिजत घातल्यावाचून कणीक तिंबून ठेवण्यात काय हशील?

आता आपल्या वसतिगृहाची साखळी मांडू. सातबारा उतारा मंडळाच्या नावे हवा; मग मोजणी, मग जमिनीतले पाणी, मग बांधकामाची परवानगी, आणि मगच पाया. आपल्याकडे दसऱ्यापासून मृगापर्यंतचे आठ महिने हीच बांधकामाची सुगी. पाया आणि जोते पावसाच्या तोंडी आले तर खड्ड्यांत पाणी साचून सारे काम बसते. वाळू-खडी आधी आणून ठेवावी. सिमेंट मात्र आधी भरून ठेवू नये, तीन महिन्यांहून जुने झाल्यास त्याचा जोर कमी होतो. स्लॅब पडल्यावर पाणी मारण्याचे आणि टेकू ठेवण्याचे दिवस कोणाच्याही शब्दाखातर कमी करू नयेत.

हिशेबाविषयी थोडक्यात सांगतो. सभासदाच्या बखरीत गडाचा कारभार हवालदार, सरनौबत आणि सबनीस या तिघांत वाटलेला आहे, आणि कोठारासाठी कारखानीस निराळा. आपल्याकडेही पैसे देणारा, माल उतरवून घेणारा आणि काम मोजून वहीत लिहिणारा, ही तीन माणसे वेगळी असावीत. एकाच घरातली तीन माणसे नकोत, हे स्पष्ट सांगतो. राग मानू नये. मंडळाची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली आहे; कर्ज काढावयाचे झाल्यास धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते, मागाहून नव्हे.

आता अवघड गोष्ट. मंडळाने काढलेल्या विनंतीपत्रकावर वसतिगृहाच्या उद्घाटनाची तिथी छापली आहे: येती अक्षय्य तृतीया. मुहूर्त उत्तम आहे, देणगीदारांचा आग्रह मी समजू शकतो. परंतु उतारा अद्याप नावावर व्हावयाचा आहे आणि विहिरीची जागा पाहिलेली नाही. या स्थितीत तिथी पाळण्याचा हट्ट धरला, तर काय मागे पडेल हे मी आताच सांगतो: पाण्याची टाकी, संडास-मोऱ्या आणि रात्रीचे दिवे. दर्शनी भिंत आणि संगमरवरी पाटी वेळेवर होतील. तेथे राहावयाच्या आहेत तेरा-चौदा वर्षांच्या मुली, ज्यांची आईबापे आपल्या शब्दावर विसंबून त्यांना घरापासून दूर ठेवणार.

म्हणून माझी सूचना अशी आहे, आणि दुपारच्या सभेत ती लेखी देणार आहे. पत्रकाची दुसरी आवृत्ती निघण्यापूर्वी त्यावरील तिथी काढून टाकावी. तिच्या जागी कामांची यादी क्रमाने छापावी, आणि प्रत्येक कामापुढे जबाबदार सभासदाचे नाव घालावे. विहिरीच्या कामापुढे माझे नाव घालण्यास हरकत नाही. वैशाखात, पाणी सर्वांत खोल गेलेले असते तेव्हा, मी स्वतः भोरला जाऊन ते मोजून येईन.