दरडोई धुराचा हिशेब



भांडुप व मुलुंड यांच्या मधलें नाहूर हें लहानसें स्थानक. तेथून मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या गाडीच्या माथ्यावर धूर दिसत नाहीं. परंतु देशांत वीज उत्पन्न करण्यासाठीं पुष्कळ दगडी कोळसा जळतो आणि त्याचा कर्बद्विप्राणिद वायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, हवेंत मिसळतो.

या वायूचा हिशेब दोन तऱ्हांनीं मांडतात. देशवार बेरीज केली तर चीन पहिला, अमेरिका दुसरी व भारत तिसरा. परंतु वीस माणसांच्या एकत्र कुटुंबाचा शिधा चौघांच्या बिऱ्हाडाशीं ताडून त्या कुटुंबास खादाड म्हणणें न्याय्य नव्हे. बेरजेस लोकसंख्येनें भागलें म्हणजे चित्र पालटतें. २०२२ सालीं कोळसा, तेल इत्यादि इंधनांपासून निघालेला हा वायु अमेरिकेंत दरडोई सुमारें १५ टन, चीनमध्यें ८ टन, जगाच्या सरासरीनें ५ टनांहून किंचित् कमी, आणि भारतांत अवघा २ टन होता. विकसनशील देशांचा दरडोई वांटा कमी असल्याची नोंद १९९२ सालच्या जागतिक हवामान करारांतही आहे.

तेवढ्यावरून येथील प्रत्येकजण निर्दोष ठरतो काय? एक लिटर पेट्रोल जळलें कीं सुमारें २.३ किलो वायु निघतो. एकट्यासाठीं रोज मोटार काढणारा आणि लोकलच्या गर्दींत उभा राहणारा, या दोघांच्याही नांवावर सरासरी २ टनच मांडते. जगापुढें भारतानें दरडोई न्याय अवश्य मागावा. मात्र सुशिक्षित गृहस्थानें आपल्या विजेच्या देयकावरील युनिटेंही घरांतील माणसांच्या संख्येनें एकदां भागून पाहावींत.