हरिश्चंद्रापासून स्पायडरमॅनपर्यंत

(बदनापूर येथे पालक व कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



शाळांना सुट्या लागल्या की बहुतेक घरांत एक वाद ठरलेला असतो. मुलांना उडणारे, जाळी फेकणारे, हातोडा फिरविणारे वीर हवे असतात. आई-वडिलांना वाटते, हा सारा परदेशी पोरखेळ. आजोबांचे मत तर याहून कडक असते. शेवटी मुले आपल्या खोलीत भ्रमणध्वनीवर तेच पाहतात आणि वडीलधारी मंडळी बाहेरच्या खोलीत दूरदर्शन संचासमोर बसतात. वाद मिटतो, पण एका घरात दोन प्रेक्षकवर्ग निर्माण होतात. या चित्रपटांविषयी मोठ्यांनी काही बोलायचे असेल, तर ते आधी पाहिले पाहिजेत आणि पाहिल्यावर त्यांतले बरे-वाईट निवडता आले पाहिजे. न पाहता केलेल्या निषेधाला मुलांच्या लेखी काडीचीही किंमत नसते.

अद्भुताची आवड परदेशातून आली, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. भारतीय चित्रपटाचा जन्मच मुळी अद्भुताच्या ओढीतून झाला. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे छायाचित्रकार, मुद्रक आणि जादूगारही होते. आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे प्रयोग करीत. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले आणि पहिला चमत्कार त्यांनी चित्रित केला तो एका रोपट्याचा. कुंडीत वाटाणा पेरून त्याला कोंब फुटण्यापासून वेल वाढेपर्यंतची चित्रे ते रोज थोडी थोडी घेत राहिले. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत घडली आणि त्या एवढ्याशा चित्रफितीवर भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. ज्या बदनापूरच्या संशोधन केंद्राने बीडीएन-७११ सारखे तुरीचे वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले, त्या गावाला ही हकीकत विशेष आवडावी. भारतीय पडद्यावरचे पहिले अद्भुत हे एका द्विदल बियाण्याचे उगवणे होते!

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. त्यामागे एका गृहिणीचे केवढे कष्ट होते, हेही मुलांना सांगण्याजोगे आहे. सरस्वतीबाई फाळके यांनी अंगावरचे दागिने दिले, कंपनीतल्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला, रात्री जागून फिल्मला छिद्रे पाडली, ती धुण्याचे काम केले आणि दिवसा उन्हात पांढरी चादर धरून कॅमेऱ्यासाठी प्रकाश परतविला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७ सालच्या ‘लंका दहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर प्रभू रामचंद्र प्रकटताच प्रेक्षक पादत्राणे काढून ठेवीत, असे सांगतात. त्या चित्रपटाच्या उत्पन्नाची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, ही आख्यायिकाही प्रसिद्ध आहे.

आता या पहिल्या नायकाकडे जरा नीट पाहा. हरिश्चंद्राला उडता येत नाही, त्याच्यापाशी अस्त्र नाही. चित्रपट पुढे सरकतो तसतसे त्याचे राज्य जाते, पत्नी जाते, पुत्र जातो, अखेर त्याला स्मशानाची राखण करावी लागते. मराठी बोलपट सुरू झाला तेव्हा प्रभात कंपनीने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ काढला, तोही याच हरिश्चंद्राचा. मूकपट असो वा बोलपट, मराठी माणसाने पडद्यावर आणलेला पहिला पराक्रमी पुरुष हा शक्ती मिळविणारा नव्हता, सर्वस्व गमावूनही शब्द पाळणारा होता. आणि ज्या फाळक्यांनी तो उभा केला त्यांनीच त्याच १९१३ साली ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. त्यात शक्ती मिळते, पण ती कोणाला मिळते? भस्मासुराला! तपश्चर्या करून वर मिळविणारे आपल्या कथांत पुष्कळदा असुरच असतात. हिरण्यकशिपू, रावण, महिषासुर यांच्या तपाला खोट म्हणून नव्हती. वर मिळणे हा सद्गुणाचा दाखला नव्हे, हे आपल्या पुराणकारांनी इतक्या सहजपणे सांगून ठेवले आहे की आपल्याला त्याचे नवल वाटेनासे झाले आहे.

अमेरिकेतील वीरांना शक्ती मिळते ती बहुधा अपघाताने. २००२ सालच्या ‘स्पायडरमॅन’मधील पीटर पार्करला प्रयोगशाळेतला एक कोळी चावतो. काका-काकूंकडे वाढलेला हा गरीब, बुजरा मुलगा एका रात्रीत बलवान होतो आणि त्या बळाचा पहिला उपयोग पैसे मिळविण्यासाठी करतो. समोरून पळणाऱ्या चोराला तो ‘मला काय त्याचे’ म्हणून जाऊ देतो आणि त्याच चोराच्या हातून त्याच्या काकांचा जीव जातो. काकांनी त्याला आधीच बजावलेले असते की, बळ वाढले की जबाबदारीही वाढते. आपल्या घरांतील कोणत्याही वडीलधाऱ्याने सांगावे तसेच हे सांगणे आहे. हा चित्रपट टिकला तो जाळ्यांच्या करामतीमुळे नव्हे, तर त्यातल्या घरामुळे. घरभाड्याची चिंता, काकूंचे आजारपण, शिक्षणाची ओढाताण हे सारे त्या मालिकेत आहे. मुलांना तो आवडतो म्हणून कपाळाला आठी घालण्याचे कारण नाही.

या स्पायडरमॅनचा भारतीय अवतारही आहे. २००४ साली निघालेल्या चित्रकथेत तो पवित्र प्रभाकर झाला. खेडेगावातून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला आलेला, धोतर नेसून भिंतीवर चढणारा! काका भीम, काकू माया. आणि गंमत अशी की, भारतीय लेखकांच्या हाती येताच त्या कथेतला कोळ्याचा अपघात गळून पडला. पवित्रला शक्ती देतो तो एक योगी. मातीचा गुण म्हणतात तो हाच. २०२३ सालच्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चलच्चित्रात हा पवित्र जगभरच्या पडद्यावर दिसला आणि तो चित्रपट मराठीतही भाषांतरित होऊन आला. २००७ साली ‘स्पायडरमॅन’चा तिसरा भाग हिंदी, तमिळ, तेलुगू आणि चक्क भोजपुरीत निघाला होता, मराठीत मात्र नव्हता. सोळा वर्षांनी का होईना, मराठी मुलाला आपल्या भाषेत तो भेटला. त्या मराठी आवृत्तीला मराठी घरांनी गर्दी केली असती, तर पुढच्यांना हुरूप आला असता, एवढे येथे नोंदवून ठेवावे.

सगळेच चित्रपट मात्र या तोलाचे नाहीत. २०१९ चा ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ हा अकरा वर्षे चाललेल्या एका मोठ्या कथासत्राचा शेवट होता. त्यात आत्मकेंद्री धनिक टोनी स्टार्क शेवटी स्वतःचा प्राण देतो, हा भाग मनाला भिडतो. त्यानंतरच्या गर्दीत मात्र दर चित्रपटात विश्व बुडू लागले आणि दर चित्रपटात वाचू लागले. विश्व इतक्यांदा बुडाले की प्रेक्षकाला त्याचे काही वाटेनासे होते. याउलट २००१ ते २००३ या काळात आलेले ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन भाग मोठ्या मुलांसोबत अवश्य पाहावेत. त्यातील शेवटच्या भागाला अकरा ऑस्कर मिळाले, हे कारण दुय्यम. त्यातली अंगठी ही वापरण्यासाठी नसून नष्ट करण्यासाठी आहे. सर्वांत लहान चणीचा माणूस ती वाहून नेतो, अखेरच्या क्षणी त्याचाही निश्चय ढळतो आणि त्याचा मित्र त्याला पाठीवर घेऊन डोंगर चढतो. भस्मासुराची गोष्ट ठाऊक असलेल्या मुलाला ही अंगठी समजावून सांगावी लागत नाही.

बलवंतांचा विषय जालना जिल्ह्यात निघावा आणि मारुतिरायाचे नाव येऊ नये, हे शक्य नाही. १६०८ साली समर्थ रामदास जन्मले ते याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी. पुढे चाफळच्या परिसरात त्यांनी स्थापिलेले अकरा मारुती आजही उभे आहेत. या मारुतीच्या कथेत एक मोठी सूक्ष्म गोष्ट आहे. बालपणी ऋषींच्या शापामुळे त्याला आपल्या बळाचे विस्मरण होते. समुद्रकाठी सारे वानर हताश बसले असता जांबवंत त्याला त्याच्या शक्तीची आठवण करून देतो, तेव्हा तो झेप घेतो. म्हणजे येथे शक्ती बाहेरून येत नाही. ती असतेच, पण काम समोर आल्यावर वडीलधाऱ्याने ती जागवावी लागते. एखाद्या हॉलीवूडच्या पटकथाकाराला ही कल्पना सुचती, तर त्याने तिच्यावर दहा चित्रपट काढले असते.

आपल्याकडे या कल्पनेचे काय झाले? २००५ साली व्ही. जी. सामंत यांनी दिग्दर्शित केलेला ‘हनुमान’ हा चलच्चित्रपट लहान मुलांनी डोक्यावर घेतला. २०२४ च्या संक्रांतीला प्रशांत वर्मा यांचा तेलुगू ‘हनु-मान’ आला. अंजनाद्री नावाच्या काल्पनिक गावातला एक उनाड तरुण, त्याला सापडलेला एक मणी आणि गावावर आलेले संकट, एवढीच कथा. बेताच्या खर्चात केलेला हा चित्रपट काही ठिकाणी रेंगाळतो, विनोद अधूनमधून स्वस्त होतो. पण त्यात श्रद्धा आहे आणि गाव आहे. याच्या आदल्या वर्षीचा ‘आदिपुरुष’ शेकडो कोटींचा. त्यात लंकादहनाच्या प्रसंगी हनुमंताच्या तोंडी जी भाषा घातली गेली, ती कोणत्याही सुसंस्कृत घरात चालणार नाही. लोकांनी संताप व्यक्त केल्यावर निर्मात्यांना चालू चित्रपटातले संवाद बदलावे लागले. १९१७ साली फाळक्यांपाशी आवाजही नव्हता, रंगही नव्हते; त्यांच्या लंकादहनापुढे लोक हात जोडीत होते. संगणकाला दोष देण्यात अर्थ नाही. युगो साको या जपानी निर्मात्याने जपानी आणि भारतीय कलावंतांना एकत्र आणून १९९३ साली पुऱ्या केलेल्या ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’मध्ये परक्या माणसाने रामकथा किती अदबीने हाताळली, ते पाहावे. तो चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये भारतातील चित्रगृहांत पुन्हा लागला होता.

२०२५ च्या जुलैत आलेल्या ‘महावतार नरसिंह’ने तर चलच्चित्रे केवळ बालकांसाठी असतात हा समज मोडला. तीन-तीन पिढ्या एकत्र चित्रगृहात जाताना दिसल्या. त्यातली युद्धे लांबली आहेत, कर्णकर्कश आहेत. पण त्यातला खरा नायक आहे तो प्रल्हाद, आणि त्याच्यापाशी तर कसलीच शक्ती नाही. वर आहे तो बापाकडे.

मराठीत अद्भुताचा धागा क्षीण झाला, हे मान्य करावे लागते. दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मधील वैकुंठगमनाचे विमान आजच्या मुलांना कदाचित खेळण्यातले वाटेल, पण विष्णुपंत पागनिसांचा चेहरा पाहिला की विमानाकडे लक्षच जात नाही. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली त्या चित्रपटाचा गौरव झाला. पुढे महेश कोठारे यांनी १९९० च्या ‘धडाकेबाज’मध्ये बाटलीतला माणूस आणला आणि १९९३ च्या ‘झपाटलेला’मध्ये रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यातून तात्या विंचू उभा केला. गावच्या जत्रेतल्या तंबूत हे चित्रपट पाहिलेली पिढी आज पालक झाली आहे. अभिरुचीच्या दृष्टीने त्यांत उणिवा पुष्कळ होत्या, पण मराठी मुलाला घाबरविणारा आणि हसविणारा मराठी बाहुला तरी होता!

पालकांच्या मनातल्या भीतीचाही विचार केला पाहिजे. १९९७ ते २००५ या काळात दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ चालू असताना त्याचे अनुकरण करताना मुलांना इजा झाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून येत होत्या. ती भीती खोटी नव्हे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला पडदा आणि घराची गच्ची यांतला फरक आपोआप कळत नाही. तो कळण्यासाठी शेजारी कोणीतरी बसलेले असावे लागते. तेव्हा घरात निदान दूरदर्शन संच एकच होता आणि सारे एकत्र पाहत असत. आज ज्याच्या त्याच्या हातात स्वतंत्र पडदा आहे.

अद्भुताने मन भरले की एखाद्या संध्याकाळी घरात ‘श्वास’ लावावा. संदीप सावंत यांच्या या चित्रपटाला २००४ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठीला तो मान ‘श्यामची आई’नंतर अर्धशतकाने लाभत होता. भारतातर्फे तो ऑस्करसाठी पाठविला गेला, तेव्हा प्रचाराच्या खर्चासाठी लोकांनी वर्गण्या काढल्या. कोकणातला एक आजोबा आपल्या नातवाला डोळे दाखवायला शहरात आणतो. डोळ्यांचा कर्करोग निघतो. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. अरुण नलावडे यांचा आजोबा हा खेड्यातला साधा माणूस. शहरातल्या इस्पितळात तो पावलोपावली बावरतो. छोट्या परशुरामला हे सांगायचे कोणी, यावरच चित्रपटाचा मोठा भाग खर्ची पडतो. खलनायक नाही, मारामारी नाही, डॉक्टरही भला माणूस आहे. शस्त्रक्रिया काही कारणाने पुढे ढकलली जाते आणि आजोबा कोणाला न विचारता नातवाला इस्पितळातून बाहेर घेऊन जातो. सारे इस्पितळ हादरते, शोधाशोध सुरू होते. आजोबाने एवढेच ठरविलेले असते की, अंधार होण्यापूर्वी पोराने जग एकदा डोळे भरून पाहावे.

ज्या मुलांनी आदल्या दिवशी विश्व वाचविणारे वीर पाहिले आहेत, त्यांना तो प्रसंग दाखवावा आणि त्या वेळी मोठ्यांनी काही बोलू नये.