गोदावरीचं पाणी आणि आर्गोचे आकडे

आज जरा समुद्राकडं जाऊ. तुम्ही म्हणाल, नांदेड-लातुरात बसून समुद्राचं काय घेऊन बसलाय? तर नांदेडच्या घाटावरून गोदावरी जाते, लातूरची मांजरा पुढं तिलाच मिळते, आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पोचतं. तिथं त्या पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजणारी यंत्रं फिरत असतात. त्यांना आर्गो फ्लोट म्हणतात.

जगभरात असे सुमारे ४००० फ्लोट आहेत. फ्लोट १००० मीटर खोलीवर वाहत राहतो, साधारण दर १० दिवसांनी २००० मीटरपर्यंत खाली जातो, वर येता येता मोजमाप करतो आणि सॅटेलाइटला पाठवतो. भारताच्या फ्लोटचे आकडे हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेत येतात. मान्सूनचा हंगामी अंदाज सांगणारं मॉडेल सुरू करायला समुद्राची आजची स्थिती लागते, ती अशाच आकड्यांतून कळते. म्हणजे जूनमध्ये पेरणीचं काय करायचं, या प्रश्नाची एक दोरी तिकडं बांधलेली आहे.

आता अडचण बघा. एकदा सोडलेला फ्लोट सहसा कुणी परत आणत नाही. सेन्सर बिघडला तर मेकॅनिक पाठवता येत नाही. मग आकडा खरा कशावरून?

त्यासाठी आलेला प्रत्येक आकडा आधी कॉम्प्युटरच्या चाचण्यांतून जातो. तारीख शक्य आहे का? फ्लोट जमिनीवर तर दिसत नाही ना? (हसू नका, दिसतो कधी कधी.) तापमान उणे २.५ ते ४० अंशांच्या आत आहे का? वरच्या-खालच्या आकड्यांच्या मध्ये एकच आकडा उडी मारतोय का? सगळ्या खोलीवर एकच आकडा अडकून बसलाय का? मग प्रत्येक आकड्याला खूण मिळते: १ म्हणजे चांगला, २ बहुतेक चांगला, ३ बहुतेक खराब पण दुरुस्त होण्यासारखा, ४ खराब. मूळ आकडा मात्र कुणी पुसत नाही.

हे वाचलं तेव्हा मला माझं जुनं पाप आठवलं. नोकरीला नवीन होतो, पावसाच्या आकड्यांची स्क्रिप्ट लिहिली. एका दिवसात १५० मिलिमीटरच्या वर दिसलं की डिलीट! मराठवाड्यात एवढा कुठं पडतो, हे माझं लॉजिक. नंतर कळलं, एका गावात तेवढा खरंच पडला होता. ज्यांचं सोयाबीन वाहून गेलं, त्यांच्या गावापुढं माझ्या टेबलात रिकामा रकाना होता.

उपसागरातही हाच सापळा आहे. नद्यांचं गोडं पाणी हलकं, ते वर पसरतं. हिवाळ्यात हा वरचा थर गार होतो आणि त्याच्याखाली गरम पाणी असतं. आपल्याला वाटेल सेन्सर येडा झालाय. पण खालचं पाणी जास्त खारट, म्हणून गरम असूनही जड. म्हणून आर्गोची चाचणी नुसतं तापमान उलटं आहे का हे बघत नाही, तापमान आणि खारटपणा मिळून घनता काढते. घनता उलटी झाली तरच शंका.

पण कॉम्प्युटरला सगळं सापडत नाही बरं का. २००६ मध्ये लायमन, विलिस आणि जॉन्सन यांनी पेपर छापला: २००३ ते २००५ मध्ये समुद्राचा वरचा भाग थंड झाला. मोठी खळबळ. नंतर सापडलं की काही फ्लोट तापमान बरोबर मोजत होते, पण चुकीच्या खोलीवर नोंदवत होते. एकेकटा आकडा बघितला तर अगदी शहाणा! त्यात जहाजांवरून टाकायची जुनी उपकरणं तापमान किंचित जास्त दाखवत होती. दोन्ही मिळून समुद्र गार झाल्याचा भास. २००७ मध्ये त्यांनी स्वतःच दुरुस्ती जाहीर केली, आणि तो थंडावा गेला.

म्हणूनच काही महिन्यांनी माणसं पुन्हा बसतात. शेजारचे फ्लोट, जहाजांवरच्या जुन्या नोंदी यांच्याशी ताडून बघतात, खारटपणा हळूहळू सरकलाय का ते तपासतात आणि सुधारलेला आकडा मूळ आकड्याच्या शेजारी ठेवतात.

माझ्या स्क्रिप्टमधली डिलीटची ओळ मी काढली. आता तिथं खुणेचा एक जास्तीचा रकाना आहे, आणि ३ नंबर दिसला की मी त्या गावात फोन लावतो.