धांवपटूला मागणी

सायंकाळची वेळ आहे. अमेरिकेंतील एखाद्या लहानशा गांवीं, एका साध्या घरांत, दिवाणखान्यांतील खुर्च्या आज जरा नीट मांडून ठेवल्या आहेत. आईची सकाळपासून स्वयंपाकघरांत धांदल चालली आहे. वडील कामावरून नेहमींपेक्षां लवकर परतले आहेत. धाकट्या भावंडांना, मोठ्यांच्या बोलण्यांत तोंड घालूं नये, अशी ताकीद मिळाली आहे. दारावर थाप पडते आणि दोन-अडीचशें मैलांवरून आलेले एक गृहस्थ हंसतमुखानें आंत येतात. ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप, तो सतरा वर्षांचा मुलगा कोपऱ्यांतील खुर्चीवर आपल्या बुटांकडे पाहत बसला आहे. पाहुणे त्याच्या गुणांचें वर्णन करितात, आपल्या घराण्याच्या, म्हणजे कॉलेजच्या, वैभवाचें त्याहून अधिक करितात, आईच्या हातच्या पदार्थांची वाखाणणी करितात आणि निघतांना हळूच सुचवितात कीं, विचार लवकर कळवावा, कारण दुसरींहि स्थळें पाहण्यांत आहेत.

श्रोतेहो, हा समारंभ मराठी घरांना अपरिचित नाहीं. फरक इतकाच कीं, येथें मागणी येते ती मुलाला. आणि त्याची पत्रिका म्हणजे एकच ओळ: मैलभर अंतर किती मिनिटांत आणि किती सेकंदांत. ही ओळ जुळली कीं बाकीचे ग्रह पाहण्याची कोणास गरज वाटत नाहीं. पुढें जे फजितीचे आणि कधीं कधीं सर्वनाशाचे प्रसंग ओढवतात, त्यांचें मूळ बहुधा या न पाहिलेल्या ग्रहांत असतें.

अमेरिकेंत कॉलेजांच्या क्रीडासामन्यांना जें महत्त्व आहे तें इतर देशांतील लोकांना सहज उमगत नाहीं. या सामन्यांचें नियमन करणारी राष्ट्रीय संघटना १९०६ सालीं जन्मास आली. आणि तेव्हांपासून तिचा बराचसा वेळ कॉलेजांनीं खेळाडू कसे मिळवावे यापेक्षां कसे मिळवूं नयेत, हें ठरविण्यांत गेला आहे. १९२९ सालीं कार्नेगी प्रतिष्ठानानें या विषयाचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हां पाहणी केलेल्यांपैकीं बहुसंख्य कॉलेजें कोणत्या ना कोणत्या रूपानें खेळाडूंना द्रव्य पुरवितात असें उघड झालें. आज नियम असा आहे कीं, मुलाचें शाळेंतील दहावें वर्ष संपून १५ जून उजाडेपर्यंत वरच्या श्रेणीच्या कॉलेजच्या प्रशिक्षकानें त्याच्याशीं खेळाच्या मागणीचा पत्रव्यवहार करूं नये. त्या तारखेची मध्यरात्र उलटते न उलटते तोंच चपळ मुलांच्या दूरध्वनियंत्रांवर संदेशांची रीघ लागते. एकच मायना चाळीस जणांना धाडतांना एखाद्याच्या संदेशांत दुसऱ्याचेंच नांव राहून जातें, आणि “तुझ्यासारखा तूंच” हें वाक्य वाचणाऱ्या मुलाला आपण नक्की कोणासारखे आहों असा प्रश्न पडतो.

धांवपटूंच्या बाबतींत या व्यवहाराला आणखी एक अवघड बाजू आहे. फुटबॉलच्या सामन्यांस हजारों प्रेक्षक पैसे मोजून येतात; रानावनांतून, चिखलांतून आठ-दहा किलोमीटर धांवणाऱ्या मुलांना पाहावयास बहुधा त्यांचे आईबाप तेवढे येतात. म्हणून वरच्या श्रेणींतील मोठ्या फुटबॉल संघास पूर्ण शिष्यवृत्त्या ८५, तर पुरुषांच्या धांवण्याच्या आणि मैदानी खेळांच्या साऱ्या प्रकारांना मिळून त्या अवघ्या १२.६, असें प्रमाण २०२५ पर्यंत होतें. स्त्रियांना १८ होत्या. त्या १२.६ मध्यें लांब पल्ल्याचे धांवपटू आले, वेगाचे आले, उड्या मारणारे आले आणि गोळाफेक करणारेहि आले. अशा वेळीं प्रशिक्षक शिष्यवृत्तीचे तुकडे करितो: कोणास निम्मी, कोणास तिसरा हिस्सा, कोणास केवळ पुस्तकांपुरती. दिवाणखान्यांत तासभर स्वप्नें रंगवून झाल्यावर हा अपूर्णांक उच्चारण्याची पाळी येते, तेव्हां वडिलांचा चेहरा उतरतो. शेजारच्या गांवच्या मुलाला याच कॉलेजनें अधिक देऊं केलें आहे, हें आईला आधींच ठाऊक असतें. पाहुणे चहाच्या पेल्यांत पाहूं लागतात. भावाची घासाघीस आणि मुलाचा सन्मान या दोन गोष्टी एकाच बैठकींत उरकावयाच्या असल्या म्हणजे असा संकोच अटळच.

पुढें मुलगा एक-दोन दिवसांसाठीं कॉलेज पाहावयास जातो. त्याचें आतिथ्य संघांतील मुलांकडे सोपविलेलें असतें. सकाळीं सारे मिळून “अगदीं हलकें” धांवावयास निघतात. पाहुण्याला आपली लायकी दाखवावयाची असते, यजमानांना आपली दाखवावयाची असते. हलकें धांवणें तिसऱ्या मैलाला शर्यत होऊन बसतें, आणि अनोळखी रस्त्यांवर मागें पडलेला पाहुणा वाट विचारीत दुपारीं परत येतो. हा प्रकार हंसण्यावारी जातो. पण रात्रीं तींच मुलें त्याला ज्या मेजवानीस नेतात तेथें मद्य असतें, आणि दिवाणखान्यांतील गोड भाषणांत त्याचा उल्लेख झालेला नसतो. ज्या मुलाला नाहीं म्हणतां येतें तो सुटतो. ज्याला येत नाहीं, त्याच्या पुढील चार वर्षांचा रंग त्या एका रात्रींत ठरून जाण्याचा संभव असतो.

फजिती आणि अन्याय यांतील अंतर कसें थोडें असतें, हें जेसी ओवेन्सच्या उदाहरणावरून दिसेल. आलाबामांतील कुळानें शेती करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाचा हा मुलगा क्लीव्हलंड शहरीं शाळेंत शिकत होता. १९३३ सालीं शिकागोच्या आंतरशालेय सामन्यांत त्यानें १०० यार्डांचें अंतर ९.४ सेकंदांत तोडून तत्कालीन जागतिक विक्रमाशीं बरोबरी केली. अनेक कॉलेजांनीं हात पुढें केले; त्यानें ओहायो स्टेट विद्यापीठ पत्करलें. शिष्यवृत्ति नव्हती, तिच्याऐवजीं राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतींत रात्रपाळीला मालवाहू पाळणा वर-खालीं नेण्याचें काम होतें. संघाला तो हवा होता, पण विद्यापीठाच्या वसतिगृहांत त्याला जागा नव्हती. सामन्यांसाठीं परगांवीं गेल्यावर गोऱ्या सोबत्यांबरोबर एका उपाहारगृहांत जेवण्याची सोय नव्हती. २५ मे १९३५ रोजीं अॅन आर्बर येथें त्यानें पाऊण तासाच्या आंत विक्रमांचा जो पाऊस पाडला, त्याचा आनंद सबंध विद्यापीठानें लुटला. पण त्या पावसानंतरहि वसतिगृहाचें दार त्याला उघडलें नाहीं. त्याच वर्षीं विधिमंडळांतील हरकाऱ्याच्या नोकरीचें, तो गांवीं नसतांनाच्या दिवसांचें वेतन त्याला मिळालें म्हणून त्याच्या हौशीपणाविषयीं चौकशी झाली, आणि ती रक्कम त्याला परत करावी लागली. नोकरी मिळवून देणारे मोठे लोक होते. जाब मात्र त्या मुलाला द्यावा लागला. १९३६ सालीं बर्लिनमध्यें चार सुवर्णपदकें जिंकूनहि त्याचें शिक्षण अर्धेंच राहिलें. १९७२ सालीं त्याच विद्यापीठानें त्याला सन्मान्य डॉक्टरेट दिली. पदवी आली, पण पोट भरण्यासाठीं तिची गरज होती ते दिवस तोंवर मागें पडले होते.

याच्या उलट एक उदाहरण आहे. ओरेगॉन राज्यांतील कूस बे हें लांकडाच्या व्यापाराचें एक बंदर. तेथील स्टीव्ह प्रीफॉन्टेन या शाळकरी मुलानें १९६९ सालीं दोन मैल ८ मिनिटें ४१.५ सेकंदांत धांवून शाळांचा राष्ट्रीय विक्रम केला. देशभरच्या कॉलेजांचीं पत्रें त्याच्या घरीं येऊन पडूं लागलीं. ज्या एका पत्राची तो वाट पाहत होता तें मात्र येईना. त्याच्या स्वतःच्या राज्यांतील विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बाउअरमन यांना मुलांच्या मागें धांवणें आवडत नसे. ज्याला येण्याची इच्छा आहे त्यानें यावें, असा त्यांचा बाणा. अखेरीस त्यांनीं स्वहस्तें एक लहानसें पत्र धाडलें. तूं येथें आलास तर थोर धांवपटू होशील याविषयीं आपल्याला शंका नाहीं, एवढाच त्याचा आशय होता. प्रीफॉन्टेन गेला आणि पांच हजार मीटर वा तीन मैलांच्या शर्यतींत ओळीनें चार वर्षें कॉलेजांचें राष्ट्रीय विजेतेपद त्यानें मिळविलें. १९७५ सालीं मोटार अपघातांत चोविसाव्या वर्षीं त्याचा अंत झाला, हें दुर्दैव. पण त्याच्या निवडींत फसवणूक नव्हती. ज्यांनीं थोडें सांगितलें त्यांना पुढें कांहीं परत घ्यावें लागलें नाहीं.

मागणी समुद्रापलीकडून येते तेव्हां तर एकमेकांना पाहण्याचा प्रसंगहि घडत नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकन कॉलेजांनीं केनियाच्या डोंगराळ भागांतील धांवपटूंना बोलाविण्याचा सपाटा लावला. आधीं गेलेल्यानें आपल्या ओळखीच्याचें नांव सुचवावें, पत्र जावें, तिकीट यावें, असा तो मार्ग. हेन्री रोनो १९७६ सालीं वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठांत दाखल झाला तेव्हां तो चोवीस वर्षांचा होता. १९७८ सालीं ८ एप्रिल ते २७ जून या ८१ दिवसांत त्यानें चार वेगवेगळ्या शर्यतींचे जागतिक विक्रम मोडले. असा पराक्रम क्वचितच कोणी केला असेल. परंतु त्याच्या देशानें १९७६ आणि १९८० या दोन्ही ऑलिंपिक सामन्यांवर बहिष्कार टाकला. इकडे परक्या मुलुखांत मद्याची संवय जडत गेली. पुढें त्याच अमेरिकेंत मोटारी धुणें, विमानतळावर प्रवाशांचें सामान उचलणें अशीं कामें त्याला करावीं लागलीं, आणि निराश्रितांच्या निवाऱ्यांत रात्री काढाव्या लागल्या. त्यानें नंतर स्वतःस सावरलें, मुलांना धांवणें शिकविलें, आत्मचरित्र लिहिलें, आणि २०१९ सालीं तो मायदेशीं परतला; फेब्रुवारी २०२४ मध्यें त्याचें निधन झालें. या साऱ्याचा दोष विद्यापीठाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. पण हजारों मैलांवरून माणूस बोलावितांना त्याच्या पायांचा जितका बारकाईनें विचार होतो, तितका त्याच्या एकटेपणाचा होत नाहीं, हें यांतून दिसतें.

कागदोपत्रीं सारें पक्कें केलें म्हणजे फसगत टळते असें मानणारे पुष्कळ असतात. १९६४ सालीं याच हेतूनें एक राष्ट्रीय संमतिपत्र निघालें. मुलानें त्यावर सही केली कीं इतरांनीं त्याला मागणी घालणें थांबवावें, अशी त्यांत योजना होती. त्यांतील मेख अशी कीं, सही कॉलेजशीं होई, प्रशिक्षकाशीं नव्हे. मुलगा तर माणूस पाहून होकार देतो. कॅन्ससचा जिम रायन १९६४ सालीं शाळेंत असतांनाच चार मिनिटांच्या आंत मैल धांवला. त्याचे शाळेंतले प्रशिक्षक बॉब टिमन्स कॅन्सस विद्यापीठांत गेले आणि पुढल्या वर्षीं तोहि तेथें गेला. अशी जोडी क्वचित् जुळते. पुष्कळदां सहीची शाई वाळते न वाळते तोंच ते हंसतमुख गृहस्थ अधिक वेतनावर दुसरीकडे निघून जातात. आणि त्यांच्या भरंवशावर आलेल्या मुलाला, ज्यानें त्याला कधीं पाहिलें नाहीं अशा नव्या प्रशिक्षकासमोर उभें राहावें लागतें. हें संमतिपत्र २०२४ सालीं रद्द झालें.

त्याच सुमारास याहून मोठा गोंधळ उडाला. खेळाडूंच्या मोबदल्यासंबंधीं चाललेल्या दाव्याची तडजोड न्यायालयानें ६ जून २०२५ रोजीं मंजूर केली. ती मान्य करणाऱ्या कॉलेजांपुरती शिष्यवृत्त्यांची मर्यादा उठली, पण संघांतील माणसांची मर्यादा बसली: मैदानी खेळांत ४५, रानांतील धांवण्यांत १७. हा नियम येणार म्हणून कित्येक कॉलेजांनीं आदल्या वर्षापासूनच मुलामुलींना कळविण्यास आरंभ केला कीं, दिलेला शब्द आतां पाळतां येत नाहीं. त्यांत, त्या शब्दावर विसंबून इतर कॉलेजांना नकार कळविलेलींहि होतीं. न्यायाधीशांनीं आग्रह धरल्यामुळें अशांना संख्येच्या मर्यादेंतून सूट मिळाली; पण त्यांना परत घ्यावेंच असें बंधन कॉलेजांवर घातलें गेलें नाहीं. आपल्याकडे ठरलेलें लग्न मोडलें तर चार नातलग जाब विचारावयास जातात. येथें बहुधा दूरध्वनीवरील पांच मिनिटांच्या संभाषणांत सारें आटोपलें.

मग आईबापांनीं काय करावें? आलेल्या पाहुण्याचा अपमान करण्याचें कारण नाहीं. पुष्कळ प्रशिक्षक सच्चे असतात, आणि गरीब घरांतील कित्येक मुलांना शिक्षणाचा दरवाजा त्यांनींच उघडून दिला आहे. परंतु तीन प्रश्न विचारण्याचा संकोच धरूं नये. मुलाचा पाय दुखावला तर त्याचें शिक्षण चालू राहील काय? आपण उद्यां दुसरीकडे गेलांत तर याची काळजी कोण घेईल? आणि धांवण्याचें नांवहि काढलें नाहीं, तरी हें कॉलेज या मुलाला योग्य आहे काय? हे प्रश्न मुलासमोर विचारावे, म्हणजे बुटांवर खिळलेली त्याची दृष्टि वर येईल, आणि आपल्या संबंधीं चाललेल्या बोलण्यांत आपल्यालाहि बोलण्याचा अधिकार आहे असें त्याला वाटेल.

उत्तरें देतांना पाहुणे अडखळले तर त्यांत वाईट वाटून घेण्यासारखें कांहीं नाहीं. त्या सायंकाळचा तेवढा अवघडलेपणा सोसावा. पुढच्या चार वर्षांच्या मनस्तापापेक्षां तो फार स्वस्त पडतो.