गांवच्या वारशाचा वार्षिक बेत

नव्या वर्षाचा कार्यक्रम आंखण्यासाठीं गांवचें वारसा-मंडळ बैठकीस बसलें, कीं पहिल्या सूचना येतात त्या बहुधा मिरवणूक, व्याख्यान आणि सत्कार यांच्या. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु अशा बेताची खरी कसोटी निराळी आहे. जें उद्यां नाहींसें होणार, तें आज टिपून घेण्याची तजवीज त्यांत आहे काय?

पुण्याच्या पूर्वेस, नगर रस्ता आणि मुळा-मुठेचें पात्र यांच्यामध्यें वसलेल्या खराडीचें उदाहरण घ्यावें. १९९७ सालीं हें गांव पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. आणि जेथें शेतें होतीं, तेथें आज संगणक-उद्योगाच्या उंच इमारती उभ्या आहेत. आपल्याकडे गांव म्हणजे घरांची पांढरी आणि पिकांची काळी. खराडीची पांढरी गांवठाणाच्या रूपानें राहिली. काळी मात्र बहुतेक बुजली. जमिनीचा सर्व्हे नंबर दप्तरांत सांपडतो. पण बांधांचीं, ओढ्यांचीं, पाणंदींचीं बोलींतलीं नांवें ज्यांनीं तेथें नांगर धरला, त्यांच्याच तोंडीं उरतात.

म्हणून बेतांत पहिला मान या वृद्धांचा. दरमहा एक बैठक भरवावी, जुना नकाशा पुढें ठेवावा आणि प्रत्येक नांव, सांगणाऱ्याचें वय व तारीख यांसह वहींत उतरवावें. ध्वनिमुद्रण तर आतां हातांतल्या भ्रमणध्वनीवरही होतें.

पुढील कामांची वांटणी ऋतुमानानें करावी. पावसाळ्यांत मोडी लिपीचा वर्ग चालवावा. पुण्याचें पेशवे दप्तर प्रचंड आहे. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखालीं १९३० पासून त्यांतील निवडक कागदांचे ४५ भाग निघाले, तरी न छापलेलेंच अधिक. गांवच्या दोघां तरुणांना मोडी वाचतां आली, तर एखाद्या घरच्या पेटींतील कागद रद्दींत जाण्याचें टळेल.

हिंवाळ्यांत शिवारफेरी काढावी. शेजारच्या वाघोलीस वाघेश्वराचें देऊळ व पिलाजी जाधवराव यांची समाधि आहे. तेथें मुलांना न्यावें. वाटेंत वीरगळ दिसल्यास खालून वर वाचावयास शिकवावें: तळाशीं युद्ध, त्यावर वीराचें स्वर्गारोहण, वर शिवपूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. दगडास तैलरंग फांसूं नये. तो हलविणें भागच पडलें, तर मूळ जागेची नोंद व छायाचित्र आधीं घ्यावें. जागा सुटली कीं दगडाची निम्मी साक्ष जाते.

उन्हाळ्यांत वर्षभराच्या टिपणांचें लहानसें इतिवृत्त छापावें. इतिहासाचार्य राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनीं ७ जुलै १९१० रोजीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. सभासदांचे शोध इतिवृत्तांतून छापून ठेवण्याची शिस्त त्या मंडळानें आरंभापासून पाळली. त्यामुळें सभा विसरल्या गेल्या, तरी टिपणें आजही अभ्यासकांच्या हातीं आहेत.

या साऱ्यास मोठी वर्गणी लागत नाहीं, नेम लागतो. मिरवणूक एक वर्ष पुढें ढकलली तरी ती निघूं शकते. नव्वदीच्या शेतकऱ्यास विचारावयाचा प्रश्न मात्र पुढें ढकलतां येत नाहीं. बेताच्या कागदावर तो सर्वांच्या आधीं लिहिला जावा.